सहावा रकाना

मानवतच्या जिनिंगवर रात्रपाळीला आम्ही दोघंच,
मी अन् पेंड्या.
सरकीच्या पेंडीत सापडला, म्हणून पेंड्या.

त्या रात्री ट्रॅक्टरचं माप लिहून परत आलो
तर बरणी आडवी,
जीभ पोचली नाही तेवढंच लाल बुडाला शिल्लक.
कौसानं आठवडाभराची चटणी दिली होती,
सहा गड्डे लसूण, कारळं, खडेमीठ.
पेंड्या शिंकत होता आणि शेपूट हलवत होता.

मी हसलो. खरं सांगतो, आधी हसलोच.
"पी आता टाकीभर पाणी," म्हणालो,
फोटो काढून पुतणीला धाडला.
प्रणिता परभणीला जनावरांच्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला.
तिचा लगेच फोन. ती हसत नव्हती.
किती वाजता? किती खाल्लं? वजन काय त्याचं?

वजन.
चौदा वर्षं लोकांचा कापूस मोजतोय,
याला कधी मोजलं नव्हतं.
गठाणीच्या काट्यावर त्याला उचलून उभा राहिलो, एक्काहत्तर.
खाली ठेवला, सत्तावन्न.
चौदा किलो कुत्रा, सहा गड्डे लसूण.
पलीकडं ती गणित करत होती,
मला नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

"काका, मिठाचं पाणी पाजू नका. घशात बोट घालू नका.
दूध, तूप, ताक, कुणी काही सांगू द्या, नको.
आत्ताच्या आत्ता मगर डॉक्टरांना उठवा.
बरणी सोबत न्या."
"अगं पण खेळतोय की तो. बघ, माझी चप्पल पळवली."
"आज दिसत नाही, काका. दोन-चार दिवसांनी
रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात."

गेट तसंच टाकून गेलो,
पेंड्याला पोत्यात, पोतं सायकलच्या दांडीवर.

डॉक्टर लुंगीवरच बाहेर आले. सुई टोचली.
पेंड्या ओकला, थांबला, परत ओकला,
त्यांच्या सारवलेल्या ओट्यावर लाल,
लालात कारळ्यांचे काळे ठिपके.
मग कोळशाचं काळं औषध.
"आलं ते आलं," ते म्हणाले, "राहिलं ते आठवडाभरात कळंल.
हिरड्या बघत जा. लघवी बघत जा.
कोऱ्या चहागत दिसली तर सकाळची वाट बघू नका."

गेट रजिस्टरला रकाने पाच,
गाडी नंबर, भरलेली, रिकामी, आत, बाहेर.
सहावा मी पट्टी न घेताच आखला.

मंगळवार, रात्री दोन. हिरड्या गुलाबी. लघवी पिवळी, टेम्पोच्या टायरवर.
बुधवार. गुलाबी. अर्धी भाकरी.
गुरुवार, पहाटे चार.
बॅटरी मारून ओठ वर केला.
गुलाबी लिहावं का?
धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याचा असतो तसा रंग,
आणि नुसता पडून होता तरी धापा,
जसा काही गठाणी वाहून आलाय.

शुक्रवारची नोंद नाही. रजा टाकली.
कारणात लिहिलं, घरचं माणूस आजारी.

सलाइनची बाटली हातात धरून उभा होतो,
तिथं हिशेब सुरू झाला.
दोन वर्षं, रोज रात्री,
त्याच्या भाकरीला मीच चटणीचं बोट लावायचो.
काहून? तर कोरडी कशी खाईल.
आमच्यात कुणाला कोरडं वाढत नाहीत.

सोमवारी मॅनेजरनं रजिस्टर चाळलं.
"लिंबाजी, हे काय? फिक्कट, फिक्कट, जरा गुलाबी?"
मी म्हणालो, "आत आलेल्याची नोंद हाय, साहेब.
बाहेर गेला नाही अजून."
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पान उलटलं.

आता त्याला कोरडी भाकर, कोमट पाण्यात भिजवून.
माझी चटणी मी काटाघरात कडी लावून खातो.
दाराच्या फटीत त्याचं नाक असतं.
बाहेर येण्याआधी हात साबणानं दोनदा धुतो,
तरी तो बोटं हुंगतो,
एकेक करून, पाचही,
आणि माझ्या तोंडाकडं बघत राहतो.